आपोआप बसणारा स्लॅब

मी रागीट माणूस नाही. हे मी आधीच, शांतपणे, आवाज न चढवता सांगून ठेवतो! बुलडाण्याच्या बसस्थानकावर मी अख्खी नोकरी वाहतूक नियंत्रक म्हणून माईकसमोर काढली. मेहकर गाडी फलाटाला लागलेली, मी ती घसा फोडून पुकारलेली, आणि तरी खिडकीशी येऊन "मेहकर कधी लागते हो?" असं विचारणाऱ्या माणसाच्या कानाखाली मी कधी वाजवली नाही. अशा माणसाला रागीट कोण म्हणेल? माझी बायको म्हणते. मुलगी म्हणते. सगळं देऊळघाट म्हणतं! पण त्या दिवशी काय झालं ते ऐका आणि मग तुम्हीच ठरवा.

बेत असा होता की घरावर एक खोली चढवायची आणि तिचा स्लॅब असा टाकायचा की तालुक्यातून लोक बघायला आले पाहिजेत! कारण तो टाकणार होती आमची वैष्णवी. माझी मुलगी, सिव्हिल इंजिनिअर. शिकताना तिने राखेवर अभ्यास केला होता. चुलीतली राख नव्हे. औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळताना धुराबरोबर उडते ती पिठासारखी राख, फ्लाय ॲश. सिमेंट कमी करायचं, त्याच्या जागी ही राख घालायची, वर थोडं औषध टाकायचं, की काँक्रीट स्वतःच वाहत जाऊन लोखंडाच्या जाळीत कोपऱ्याकोपऱ्यात भरतं. हलवायला व्हायब्रेटर नको, ठोकायला माणूस नको.

"राखेचा कण गोल असते बाबा, मोहरीसारखा. घरंगळत जाते," वैष्णवी म्हणाली. "याले सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीट म्हणतात. आपोआप बसणारं."

आपोआप बसणारं! मला तो शब्द भारीच आवडला. एसटीत मी आयुष्यभर "बसून घ्या, बसून घ्या" म्हणून ओरडलो, एक प्रवासी आपोआप बसला नाही. आणि माझ्या मुलीचं काँक्रीट न सांगता बसणार होतं!

यात नुसती हौस नव्हती. बुद्धविहाराच्या मागे गावातल्या मुलांसाठी अभ्यासिका बांधायची होती. विहार समितीचे अध्यक्ष भगवानराव स्वतः म्हणाले होते, "वैष्णवी, तुह्या घरचा स्लॅब मी संध्याकाळी येऊन पाहीन. पटला तर अभ्यासिकेचं काम तुलेच." तिच्या स्वतःच्या नावावरचं पहिलं काम! तोवर ती दुसऱ्या ठेकेदारांकडे राबत होती, आणि ते तिला काय म्हणायचे माहीत आहे? "मॅडम, तुम्ही सावलीत बसा." चार वर्षं शिकवलेल्या पोरीला सावलीत बसा! आठवलं की आजही माझ्या हाताच्या मुठी वळतात.

त्यात आमचे शेजारी नारायणराव. कोबी आणि मेथी पिकवतात, आणि उरलेल्या वेळात कुंपणाला टेकून माझ्या घराकडे बघतात. अंगणात राखेची पोती उतरली तेव्हा त्यांनी विचारलं, "भाऊराव, हे काय म्हणावं?"

"राख! स्लॅबात टाकाची आहे."

"राख भांडे घासाले असते भाऊ, स्लॅबाले नाई. इतकी कंजूषी काऊन करून राह्यले? पोरीचं डोकं तर ठीक हाये ना?"

मी कुंपणाकडे निघालो, तसा आमच्या हिने, महामायाने, माझा सदरा मागून धरला. गावभर ही बातमी कोबीबरोबर गेली. भाऊराव घरात राख घालून राह्यला!

स्लॅबच्या दिवशी सकाळी चहा देताना महामायाने बजावलं, "आज पोरीचा दिवस हाये. आज तरी डोक्यात राख घालून घेऊ नका."

"मी कधी घालतो?" मी ओरडलो.

काम बाकी दृष्ट लागावी असं झालं. थंडीचे दिवस. मिक्सर गरगरत होता, वैष्णवी डोक्यावर पिवळी टोपी घालून प्रत्येक माप स्वतः बघत होती. पहिला माल तिने एका पत्र्यावर ओतून पाहिला आणि तो तव्यावरच्या धिरड्यासारखा गोल पसरत गेला. मग तो वर चढला, आणि काय सांगू! जाळीतून पाण्यासारखा पळाला आणि भरून सपाट झाला. व्हायब्रेटरची घुर्रघुर्र नाही, काही नाही. मजूर नुसते कडेला उभे! दुपारपर्यंत काम आटोपलं. फक्त वैष्णवीने जाताना सगळ्यांना ताकीद दिली. "राखेचा माल थंडीत हळू धरते. उद्यापर्यंत कोणी वर पाय ठेवाचा नाई. बाबा, ऐकलं का?"

"मले काऊन सांगतं? मी काय लहान हाय?"

ती भगवानरावांना घ्यायला बुलडाण्याला गेली, आणि माझ्या पोटात आनंद मावेना. कोणाला तरी सांगायला हवं होतं. मी फोन लावला देऊळगाव राजाला, माझ्या साळ्याला. माणिकराव हा महामायाचा धाकटा भाऊ. मनाने सोनं, कानाने दगड. खाली मजूर मिक्सर धूत होते, त्यामुळे मला जरा आवाज चढवावा लागला. पुढचं बोलणं मी जसंच्या तसं देतो, म्हणजे चूक कोणाची ते तुम्हाला कळेल.

"जय भीम दाजी! पडला का स्लॅब?"

"जय भीम! पडला! अन् पडल्या पडल्या बसला!"

"आं? बसला?"

"हाव! आपोआप! कोणी हात बी लावला नाई!"

मग माणिकराव बारीक आवाजात म्हणाला, "कोणाला लागलं का दाजी?"

आता मला सांगा, मी काय समजायचं? मी समजलो, काम करायला किती माणसं लागली असं विचारतोय! मी छाती फुगवून म्हणालो, "माणसं? लागलेच नाई! खाली गडी उभेच्या उभे राह्यले!"

"खाली माणसं होती?"

"मंग! खाली होते, वर होते. बसला तसे सगळे गार!" गार म्हणजे चकित हो!

"अन् वैष्णवी?"

"तिनंच तर बसवला! लोक म्हणत होते पोरीच्यानं होणार नाई. दाखवून देलं तिनं!"

"अन् ती राख घातली असं कानावर आलं होतं..."

"राखच राख सगळी! सिमेंट नावाले!"

फोन कट झाला. मला वाटलं रेंज गेली. साळ्याला आनंदाने बोलवेना, असंही वाटलं!

या मराठी भाषेवरच माझा राग आहे. एकच क्रियापद आणि किती कामं! घडी बसते, मेळ बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो. माणूस मित्रांबरोबर 'बसला' तरी घरी भांडण. दुकान बसलं म्हणजे दिवाळं, आणि घर बसलं म्हणजे मलबा! बरं, स्लॅब टाकला तरी 'पडला' आणि कोसळला तरी 'पडला'च. असल्या भाषेत माणसाने आनंदाची बातमी सांगायची कशी? मी माईकवर कधी चूक केली नाही, कारण तिथे फक्त गाड्यांची नावं होती.

बरं, मजुरांचा हिशोब वगैरे करून दोन-तीन तासांनी अंगणात येतो तर कुंपणाला नारायणराव!

"झाला का राखेचा स्लॅब?"

"झाला! अन् तुमच्या छातीवर झाला!"

"नाई, सोजराबाई म्हणे, जराशी राख द्या म्हणा. घागर घासाची हाये." आणि हसले! सोजराबाई म्हणजे त्यांची बायको. तिचं नाव पुढे करून माझ्या पोरीच्या विद्येला घागरी घासायला लावतात!

"देतो!" मी म्हणालो. "थांबा, पोतंच देतो!"

एक उरलेलं पोतं भिंतीशी उभं होतं. ते उचलून कुंपणापलीकडे फेकायचं, एवढाच माझा साधा विचार. मी ते रागारागात डोक्यावर घेतलं, आणि शिवण उसवली. पिठाहून बारीक ती राख! नाकात, कानात, मिशीत, सदऱ्याच्या आत. मी डोळे उघडले तेव्हा करडा धूर आणि त्यात महामाया.

"सकाळीच सांगतलं होतं," ती म्हणाली, "डोक्यात राख घालून घेऊ नका म्हणून."

हात-पाय धुवावे तर टाकीत थेंब नाही. सगळं पाणी स्लॅबला गेलेलं! महामाया कळशी घेऊन हातपंपावर गेली आणि मी ओट्यावर करडा होऊन, डोळे चोळत बसलो. चोळल्याने डोळ्यांना धारा लागल्या. नेमकी तेव्हाच दारात एक जीप कर्रकन थांबली.

जीपमधून आधी माणिकराव उतरला. मग त्याची बायको केसरबाई, पदर तोंडाला लावून. मग मामेसासरे, मावससासू, आणि ज्यांना मी फक्त लग्नात पाहिलं होतं असे पाहुणे. जीप रिकामी होतच नव्हती! मला वाटलं, वा रे वा, पोरीचा स्लॅब बघायला अख्खं देऊळगाव राजा लोटलं! मी उठून हसत पुढे गेलो.

केसरबाईने मला पाहिलं आणि हंबरडाच फोडला. "बाई गं! मलब्यातून काढलं वाटतं भाऊजींना!"

"कशाचा मलबा? या या, बसा!"

'बसा' म्हटल्याबरोबर मावससासू रडायला लागल्या. माणिकराव माझ्या गळ्यात पडला. "रडू नका दाजी. घर काय, पुन्हा होईन. वैष्णवी कुठं हाये ते सांगा."

"वैष्णवी बुलडाण्याला."

"सरकारी दवाखान्यात?"

"दवाखान्यात काऊन जाईन? भगवानरावाले आणाले गेली! पेढे घ्या आधी!" आणि मी आतून पेढ्यांचा पुडा आणला. पांढऱ्या चेहऱ्याने कोणीच हात पुढे करेना. केसरबाईने सोबत फडक्यात भाकरी आणि पिठलं आणलं होतं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून सोयरे नेतात तसं! ते गाठोडं बघितलं आणि माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडायला लागला.

"कोणी सांगतलं माह्या घरी दुःख हाये म्हणून?"

"तुम्हीच सांगतलं ना दाजी. स्लॅब बसला म्हणून."

"अबे, बसला म्हणजे बसला! बसला नाई!"

"हो हो, नाही बसला," माणिकराव वेड्याची समजूत घालावी तसा म्हणाला, आणि मागे वळून पाहुण्यांना हळूच, "धक्क्यानं डोकं फिरलं वाटते."

"वर पाह्य! तो काय स्लॅब!"

सगळ्यांनी पाहिलं. खाली टेकूच्या लाकडी बल्ल्यांचं रान, वर पाट्या, त्यावर ओली पोती. नव्या स्लॅबला हे सगळं असतंच की! पण मामेसासरे मान हलवत म्हणाले, "जेवढा उरला तेवढ्याले टेकू देलेले दिसतात." आणि कुंपणावरून नारायणरावांनी साथ दिली, "मी तर पयलेच म्हणत होतो, राख भांडे घासाले असते!"

झालं! तुम्ही असता तर काय केलं असतं? शांत राहिला असता? घरी अध्यक्ष येणार, पोरीचं पहिलं काम, आणि माझ्या अंगणात सुतक! अभ्यासिकेचा माणूस दारात येऊन हे रडणं ऐकेल तर तो वर बघणार तरी का? मला एवढंच समजत होतं की हे आत्ता, या क्षणी थांबलं पाहिजे. शिडी भिंतीला लागलेली होती. मी चढलो.

"दाजी! कुठं चालले?"

"दाखवतो! कुठं बसला ते दाखवतो!"

वैष्णवीची ताकीद आठवली नाही असं नाही. आठवली. पण रागात आठवलेली गोष्ट कानाबाहेरच थांबते. मी ओली पोती पायाने बाजूला केली, स्लॅबच्या मधोमध गेलो आणि धाडधाड पाय आपटले. "पाह्य! बसला का? बसला का बे?"

पायाखाली काहीतरी मऊ लागलं. जरा थांबायला हवं होतं, पण खालून केसरबाई किंचाळली, "भाऊजी जीव देऊन राह्यले! धरा त्यांना!" आणि माणिकराव माकडासारखा शिडी चढून आला. "दाजी, असं करू नका! ताईकडं पाहा!" म्हणत त्याने मागून माझ्या कमरेला मिठी मारली. मी त्याला झटकला, त्याने मला ओढलं, पाय घसरले, आणि आम्ही दोघं, साळा आणि दाजी, शेजारीशेजारी, सगळ्या वजनासकट त्या ओल्या स्लॅबवर बसलो.

स्लॅब बसला नव्हता हो. आम्ही बसलो!

त्याच वेळी दारात मोटारसायकल थांबली. वैष्णवीच्या मागे भगवानराव होते.

वैष्णवीने वर पाहिलं. करडा बाप, त्याला मिठी मारलेला मामा. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, माझ्याच घरची आहे असं तरी वाटलं असतं! ती एवढंच म्हणाली, "बाबा, खाली उतरा. जसे गेले तसेच, त्याच पावलावरून." आणि तिने शिडी दोन्ही हातांनी धरली. मी आयुष्यात इतक्या लोकांवर चिडलो, पण त्या घडीला जो राग आला तो स्वतःचाच आला. शिडी उतरताना मला तिच्याकडे बघवलं नाही.

मी भगवानरावांना सांगायला गेलो की यात पोरीचा दोष नाही, हा माझा साळा, हा फोन, ही भाषा! पण तोंडातून नुसती हवा आली. इतक्या ओरडण्याने माझा आवाज बसला होता. त्या दिवशी आमच्या घरात आपोआप बसलेली दुसरी वस्तू तीच.

भगवानराव पुढे झाले. स्लॅबखाली गेले, एकेक बल्ली हाताने हलवून पाहिली, पाट्यांच्या फटींतून बोट फिरवलं. बाहेर येऊन म्हणाले, "आता काय बोलू? बल्ल्या-पाट्या खोलाल तेव्हा पाहू." आणि गेले. पाहुणे त्यांनीच आणलेलं पिठलं-भाकरी खाऊन गेले. भूक लागली होती सगळ्यांना.

राखेचा स्लॅब पक्का व्हायला वेळ घेतो. बल्ल्या लवकर काढायच्या नसतात. तेवढे आठवडे नारायणराव रोज विचारायचे, "अजून टेकूवरच हाये का?" आणि मी, आवाज परत आल्यावरसुद्धा, दात आवळून गप्प. वैष्णवी माझ्याशी कामापुरतं बोलायची. वरचे दोन खळगे तिने सिमेंटचा मसाला भरून बुजवले, पण नीट पाहिलं तर अजून दिसतात. एक मोठा, एक लहान.

खोलायच्या दिवशी भगवानराव आले. पाटी निघाली आणि खालून स्लॅब असा गुळगुळीत निघाला की कुठे खडी उघडी नाही, कुठे भोक नाही. व्हायब्रेटर लावूनही आमच्याकडे असं निघत नाही! भगवानरावांनी वर हात लांब करून तो कुरवाळला. नारायणरावसुद्धा कुंपण सोडून आत आले आणि मान वर करून उभे राहिले. मग भगवानराव वैष्णवीला म्हणाले, "ओल्या स्लॅबावर दोन माणसं कुस्ती खेळले, अन् तुह्या टेकूची एक बल्ली हालली नाई. मी तर त्याच दिवशी ठरवलं होतं. अभ्यासिका तूच कर."

वैष्णवीचे डोळे भरले. माझेही. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला.

"एकच अट हाये. तिथल्या स्लॅबाच्या दिवशी भाऊराव गावात नको."

महामायाने "हाव" म्हणायला एक क्षणही लावला नाही!

म्हणून अभ्यासिकेच्या स्लॅबच्या दिवशी मी देऊळगाव राजाला, माणिकरावच्या ओसरीवर, फोन मांडीवर घेऊन बसलो होतो. सकाळ गेली. फोन नाही. जेवण गेलं घशाखाली की नाही, आठवत नाही. तिकडे माझी पोरगी एकटी, सगळं गाव बघतंय, आणि मला इथे ठेवलंय! राग तरी कोणावर काढायचा? माणिकराव माझ्याकडे बघून उगाच हसत होता. शेवटी फोन वाजला. मी तो उलटाच कानाला लावला, मग सरळ केला. मागे मिक्सरचा आवाज, माणसांचा गलका, आणि वैष्णवी ओरडत होती.

"बाबा! बसला!"

आणि माझ्या तोंडून, काही समजायच्या आत, गेलं ते गेलंच.

"कोणाले लागलं का वो माय?"